रंगीत बाबा, राखाडी आई

अश्वजीतचं म्हणणं असं होतं, की जगातली निम्मी भांडणं माणसं चुकीच्या खिडकीत टाइप करतात म्हणून होतात, आणि त्यावरचा इलाज जबलपूरजवळ खमरियाच्या फॅक्टरी क्वार्टरमध्ये बसून त्यानं एकट्यानं शोधलेला आहे.

इलाज असा. कॉम्प्युटरवर चार-पाच खिडक्या एकदम उघड्या असल्या की माणूस गोंधळतो. म्हणून जिच्यात काम चालू, तेवढी एकच खिडकी रंगीत. बाकीच्या सगळ्या राखाडी, थंड चुलीतल्या राखेसारख्या. जी अडकून पडली ती पांढरी, धुक्यात गेलेली. आणि एखादीला काही सांगायचं असेल, तर तिच्याभोवती झेंडूच्या रंगाची जाड चौकट, श्वास घेतल्यासारखी उजळणारी आणि विझणारी.

"एक नजर टाका," रांझीतल्या आपल्या कॉम्प्युटर क्लासमध्ये तो सांगायचा, "कोण जिवंत, कोण मेलं, फटकन कळते."

क्लासमधल्या मुली म्हणायच्या, "सर, हे पाहून भीती वाटते." तो हसायचा. हसायला नको होतं.

आता मुद्द्याचं. अश्वजीतची बहीण हर्षा खमरियाच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीत सुपरवायझर. कुणाच्या जागेवर लागलेली नाही, परीक्षा देऊन लागलेली. नागपूरच्या प्रितमला तिनं एका लग्नात पाहिलं होतं आणि तो तिला आवडला होता. प्रितमचे वडील नारायणराव निवृत्त हेडमास्तर, मोहल्ल्याच्या विज्ञान मंडळाचे अध्यक्ष, भूत नावाचा शब्दही घरात चालत नाही असा माणूस. त्यांनी निरोप धाडला होता: मुलगी पसंत आहे, लग्नानंतर नोकरी सोडेल. सुनेच्या अंगावरचा एवढाच एक दागिना असा, की लोक तो आधी उतरवून ठेवायला सांगतात.

हर्षाच्या आईनं, पार्वताबाईनं, उलटा निरोप पाठवला: नोकरी सुटणार असेल तर लग्नच नको. रविवारी व्हिडिओ कॉल ठरला. जुळलं तर त्या दिवशी, नाहीतर कधीच नाही, हे हर्षाला ठाऊक होतं आणि ती सकाळपासून जेवली नव्हती.

"टेन्शन नको घेऊ," अश्वजीत म्हणाला. "मी असा प्रोग्राम करतो की नारायणराव उभे राहून टाळ्या वाजवतील."

उभे राहिले. टाळ्या मात्र नाहीत.

पार्वताबाईच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. त्या निमित्तानं अश्वजीतनं तिला आतल्या खोलीत पलंगावरच बसवलं, समोर मोबाईल स्टँडवर लावला. खरं कारण गुडघा नव्हतं. आई मधे बोलते, हे कारण होतं. पौर्णिमा होती, वंदना झाली होती, अंगावर पांढरी साडी, समोरच्या स्टुलावर बुद्धमूर्ती आणि पेटती मेणबत्ती.

"हलू नको बरं, आई. हललीस की चित्र फाटते."

"मी काय पुतळा होय का?"

"थोडा वेळ."

बाहेर येऊन त्यानं आईचा आवाज कॉम्प्युटरवरून बंद केला. तिला सांगितलं नाही. तिला सगळं ऐकू येणार होतं, तिचं कुणाला जाणार नव्हतं. बऱ्याच घरांत हीच सोय असते, कॉम्प्युटर नसतानाही.

उजेड पडू नये म्हणून त्यानं पडदे ओढले. रविवार असल्यानं फॅक्टरीच्या चाचणी रेंजवरचे धमाके बंद होते. कॉलनी इतकी गप्प होती, की पंख्याचं कुरकुरणंही कुणीतरी दबक्या आवाजात बोलल्यासारखं वाटत होतं. मागे बाबांची वेताची खुर्ची. बाबा गेल्यापासून तिच्यात कुणी बसत नसे.

नागपूरकर आले. सोफ्यावर नारायणराव, शेजारी त्यांच्या बायको ममताबाई. प्रितम ड्यूटीवर होता. एरवीही तो घरी काही सांगणाऱ्यांतला नव्हता. मध्यस्थ शकुबाईनं नारायणरावांना सांगितलं होतं, की मुलीच्या आईबापांपैकी एक गेलेलं आहे आणि एकाचं ऑपरेशन झालेलं आहे. कोण गेलं आणि कुणाचं ऑपरेशन, तेही सांगितलं होतं. पण बाई बोलायला लागली की नारायणराव निम्मंच ऐकत.

अश्वजीतनं आपल्या कॉम्प्युटरचा सगळा पडदा त्यांनाही दिसेल असा लावला. मधोमध परिचयाची चित्रं. वरच्या कोपऱ्यात आई. खालच्या कोपऱ्यात, बोटभर आकाराचे, खुद्द नागपूरकर.

"जय भीम. सुरुवात आमच्या बाबांपासून करतो," तो म्हणाला आणि क्लिक केलं.

बाबा आले. निवृत्तीच्या दिवशीचा फोटो, सफारी, गालावर लाली, तोंडभर हसू. चालू खिडकी होती ना, रंगीत. आणि त्याच क्षणी वरच्या कोपऱ्यातल्या पार्वताबाईच्या चेहऱ्यावरून रंग ओसरला. कपाळ, गाल, ओठ, सगळं राख झालं. तिला नोकरीचं बोलायचं होतं, म्हणून तिच्याभोवती झेंडूची चौकट उगवली. पांढरी साडी. समोर मेणबत्ती.

पुण्यानुमोदनाला, म्हणजे मेलेल्या माणसाच्या शोकसभेला, गेलेल्या कुठल्याही माणसाला हे चित्र पाठ असतं. नारायणरावांनी चष्मा काढला. बायकोला कोपरानं खुणावलं. दोघं उठली आणि माना खाली घालून उभी राहिली.

अश्वजीतला भरून आलं. बाबांसाठी, त्याला वाटलं. परके लोक, पण काय संस्कार! तोही उठून उभा राहिला. अंधारलेल्या खोलीत तो एकटा, पलीकडे ती दोघं, आणि मधे बाबा हसतायत.

दोन मिनिटांनी सगळे बसले.

"साहेब," नारायणराव मऊ आवाजात म्हणाले, "धीर धरा."

अश्वजीतनं मान वर केली. ते त्याच्याशी बोलत नव्हते. त्यांची नजर त्याच्या जरा बाजूला होती.

"साहेब काही बोलून नाही राहिले," नारायणराव बायकोला म्हणाले.

"धक्क्यात आहेत," ममताबाई कुजबुजल्या. "पाहा न, सारखे हसूनच राहिले. माझ्या मामाचं असंच झालं होतं."

अश्वजीतच्या मानेवर काहीतरी सरकलं. त्यानं हळूच मागे पाहिलं. वेताची खुर्ची. तिच्यावर वाळत टाकलेला टॉवेल. बस्स, टॉवेलच. पण टॉवेलला खांदे असल्यासारखे का वाटावेत?

"काका, तुम्ही... कोणाशी बोलून राहिले?"

"तुझ्या बाबांशी, बेटा. बसलेत ना समोर."

बाबांना जाऊन काळ लोटला होता. त्यानं स्वतः खांदा दिला होता. पडद्यावर बाबा हसत होते, आणि आता त्याला ते हसू सकाळपेक्षा थोडं रुंद वाटायला लागलं.

"अहो," ममताबाईंचा आवाज चिरकला. "फोटोनं डोळे मिटले."

"नेटवर्क आहे ते."

"मिटून उघडले, अहो. माझ्याकडे पाहिलं."

"प्रकाशाचा परिणाम. मंडळात मी भाषण दिलं आहे यावर."

अश्वजीत बाबांच्या डोळ्यांकडे बघत राहिला. ज्यांच्या पापणीविषयी बोलणं चाललं होतं त्या वर कोपऱ्यात होत्या, जिवंत, वैतागलेल्या, आणि हलायचं नाही म्हणून डासाला सुद्धा हाकलत नव्हत्या. त्याचं तिकडे लक्षच नव्हतं. ते कधीच नसायचं.

नारायणराव पुन्हा उभे राहिले. कपाळ पुसलं. भूत न मानणाऱ्या माणसानं राखाडी बाईपुढे हात जोडले.

"ताई. आपली भेट राहून गेली. मी ताठ माणूस आहे, ममता सांगेल. पण तुमच्यासमोर शब्द देतो. तुमच्या हर्षाची नोकरी सुटणार नाही. पाहिजे तर आमचा प्रितम बदली करून जबलपूरले येईल. तुम्ही निर्धास्त राहा."

खोलीत पंखा तेवढा फिरत होता. झेंडूची चौकट उजळली, विझली, उजळली.

राखाडी ओठ हलले. काहीच ऐकू आलं नाही. मग जरा उशिरानं आवाज आला, पण त्या चेहऱ्यातून नाही. लांबून, भिंतीच्या आतून आल्यासारखा:

"बरं. मंग चहा घ्या."

नारायणरावांचे हात जोडलेलेच राहिले. ममताबाईंनी नजर दुसरीकडे वळवली, आणि ती नेमकी खालच्या कोपऱ्यात गेली. तिथं बोटभर आकाराची दोन माणसं होती. एक हात जोडून उभं, एक सोफ्यावर. दोघांचे चेहरे राखाडी.

"अहो," त्या अगदी शांतपणे म्हणाल्या. "आपण पण?"

आणि मग किंचाळल्या.

अश्वजीतनं घाबरून दिसेल तिथं क्लिक केलं. ते पार्वताबाईवर पडलं. राखेतून रंग चढला: आधी ओठ, मग गाल, मग कपाळ. मेलेली बाई डोळ्यांदेखत उठली. आणि मधोमध हसणारे बाबा एका क्षणात राख झाले.

"गेले!" ममताबाई ओरडल्या. "साहेब गेले! त्यांच्या जागी त्या आल्या!"

"नाही काकू, बाबा आधीच गेले आहेत, हे पाहा," म्हणत समजावायला त्यानं बाबांवर क्लिक केलं. बाबा लाल गालांनी परतले. आई पुन्हा राख. पलीकडे सोफ्यामागे काहीतरी धपकन पडलं. मंडळाचे अध्यक्ष होते.

आतून हर्षा आली. तिनं दादाच्या हातातून माऊस काढून घेतला, कॉल सोडून बाकी सगळ्या खिडक्या बंद केल्या, पडदे सरकवले, आईला वॉकरसकट बाहेर आणलं आणि कॅमेऱ्यापुढे बाबांच्या खुर्चीत बसवलं. उन्हात पार्वताबाई चांगल्या सावळ्या आणि धडधाकट दिसल्या.

सगळं समजावून होईपर्यंत नारायणराव सोफ्यावर परतले होते. केस विस्कटलेले, पण आवाज हेडमास्तरचा.

"अच्छा. म्हणजे गैरसमज झाला. मग ते नोकरीचं... तो शब्द मी दिवंगत व्यक्तीला दिला होता."

हर्षानं खुर्चीची पाठ घट्ट धरली.

"अच्छा," पार्वताबाई म्हणाल्या. "मंग मी मरेपर्यंत थांबता का? माझी काही घाई नाही. तोवर तुमच्या मंडळात येऊन सांगते, अध्यक्षसाहेब भुताशी काय काय बोलले ते."

पलीकडे ममताबाई हसायला लागल्या. पदर तोंडाला लावून, खांदे हलवत, थांबेचनात.

"नोकरी राहील," नारायणराव म्हणाले. "तारीख कळवा."

कॉल संपला. हर्षा स्वयंपाकघरात गेली आणि सकाळचा भात थंडच, उभ्यानं खाल्ला.

अश्वजीत खुर्चीत रेलला. "तसं पाहिलं तर, माझ्या सिस्टिममुळेच जमलं हे."

"माझा आवाज कोणी बंद केला होता?" पार्वताबाईनं विचारलं.

तो चपलेकडे पाहायला लागला.

"मी जित्ती होती तोवर त्या माणसानं माझं एक ऐकलं नाही. मेली म्हटल्यावर उभा राहून ऐकलं. तू तर अजून बसूनच आहेस."

अश्वजीत उठला. उठलाच आहे तर चहा ठेवावा म्हणून आत गेला. पाणी उकळायला लागलं तसं त्यानं विचारलं, "आई, साखर किती?"

उत्तर नाही.

"आई?"

पंख्याची कुरकुर तेवढी. त्यानं दारातून डोकावलं. ऊन सरकलं होतं. बाबांच्या खुर्चीत पांढरी साडी, ताठ, न हलणारी. डोळे समोर, पापणी स्थिर. सावलीत चेहरा थेट राखेसारखा.

त्याच्या हातातला चमचा पडला. "आई... आई, बोल न."

"काहून?" ओठ तेवढे हलले. "आवाज बंद आहे न माझा."

चहात साखर दोनदा पडली.