लाल चिठ्ठ्यांचं घर

"काका, तरुण पार्टी येतेय. घर जरा मॉडर्न दाखवा," एवढंच एजंट म्हणाला आणि उद्धवरावांच्या अंगात कंपनी संचारली.

जन्म सगळा चाकणच्या कारखान्यात सुपरवायझरकी करण्यात गेलेला. मॉडर्न म्हणून त्यांनी जगात एकच जागा पाहिली होती: परदेशी साहेब येणार म्हणून घासूनपुसून, जमिनीवर पिवळे पट्टे आखून ठेवलेला शॉपफ्लोअर. (ताजमहालही पाहिला होता, पण तिथे जमिनीवर पिवळे पट्टे नव्हते, म्हणून तो त्यांना जरा अव्यवस्थितच वाटला.)

चिंचवडचा हा तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट विकणं भागच होतं. लिफ्ट नाही, आणि बायकोचे, म्हणजे दुर्गाबाईंचे, गुडघे जिना दिसला की रडायला लागायचे. पुनावळ्यात तळमजल्यावरचा फ्लॅट बघून ठेवलेला, पण त्याचा मालक रविवारपर्यंतच थांबणार होता.

तर शनिवारी उद्धवरावांनी सोफ्यापासून स्वयंपाकघरापर्यंत पिवळी पट्टी चिकटवली. ओट्यामागच्या भिंतीवर झारा, लाटणं, किसणी यांच्या आकृत्या काढल्या. हत्यार जिथल्या तिथे! आणि वर्षभरात न वापरलेल्या प्रत्येक वस्तूला कंपनीतली छापील लाल चिठ्ठी: 'वर्षभर वापर नाही. हलवा.'

"अहो, झोपाळ्याला कशाला?" दुर्गाबाई कडाडल्या.

"त्यावर बसतं का कोणी? नुसते पापड वाळतात."

"मग पापडांना विचारा, वापर आहे की नाही ते!"

"पट्टीच्या आतून चाल गं! अपघात होईल."

रविवारी तौसिफ आणि नबीला हे नवरा-बायको घर बघायला आले. दोघंही चाकणलाच कामाला. पट्टी दिसताच नबीलाच्या तोंडावर सोमवार उगवला.

"काका, मी कंपनीत दिवसभर हेच तपासते."

"मग तर तुम्हाला अगदी घरच्यासारखं वाटेल!"

"कंपनीसारखं वाटतंय. तौसिफ, चल बाबा, नाहीतर मी इथं हजेरी लावीन."

दुर्गाबाईंनी गुडघ्यावर हात ठेवून नवऱ्याकडे असं पाहिलं, की उद्धवरावांना पट्टी सोडून पळावंसं वाटलं. मग त्या बाईनं तीच पट्टी तुडवत गॅलरी गाठली, झोपाळ्यावरचे पापड गोळा केले आणि नबीलाला दंडाला धरून बसवलं.

"बस पोरी. पाय वर घे. आज सुट्टी आहे ना तुझी?"

झोपाळा करकरला. तेवढ्यात भाजलेला पापडही हातात आला. नबीला काही उठेना.

"तौसिफ, घेऊया घर. पण झोपाळ्यासकट. काका, लाल चिठ्ठीचं सगळं इथंच ठेवणार ना?"

उद्धवरावांची छाती फुगली. शेवटी त्यांच्याच शिस्तीनं सौदा जमवला होता!

"लाल चिठ्ठी दिसेल ते तुमचं. सुपरवायझरचा शब्द आहे!" असं म्हणून ते ऐटीत पेढे आणायला वळले.

"काका, थांबा थांबा," तौसिफ हसू दाबत म्हणाला, "तुमच्या पाठीवर..."

सदऱ्याच्या बरोब्बर मधोमध लाल चिठ्ठी होती. छापील मजकुराखाली दुर्गाबाईंचं टपोरं अक्षर: 'वर्ष कसलं, नोकरी संपल्यापासून!'

नबीलानं एकदा उद्धवरावांना न्याहाळलं, एकदा हॉलची लांबी-रुंदी.

"काकू, झोपाळा राहू दे. हे मात्र तुम्ही घेऊन जा."

"नेते बाई," दुर्गाबाई म्हणाल्या, "तिकडे तळमजला आहे म्हणून. जिना चढवायचा असता, तर इथंच सोडलं असतं."