मामाच्या पोटात काही नाही

कुठल्याही कामाचा आधी तक्ता करावा, मग ते काम चुकतच नाही, असं माझं ठाम मत होतं. मी नुकताच रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालो होतो आणि तक्त्यात बसत नाही अशी वस्तू मला तोवर भेटली नव्हती!

साल चौऱ्याऐंशी. उमेळ्याजवळच्या एका छोट्या इस्पितळात मी रक्त-लघवी तपासायचं काम करत होतो. तिथले भूलतज्ज्ञ डॉ. मार्सेल यांनी कुठंतरी वाचलं, की परदेशात धडधाकट माणसांना रोगी बनवून नव्या डॉक्टरांची परीक्षा घेतात. त्यांच्या हाताखाली डॉ. सुमन नव्याच आल्या होत्या.

"खोटा रोगी हवा. पण खऱ्या रोग्याइतकं सफाईने खोटं बोलणारा!" मार्सेल म्हणाले.

"माणूस मी देतो," मी म्हणालो.

माणूस म्हणजे माझा दयाराममामा. नंदाखालला केळीची बाग आणि गणपतीतल्या नाटकात वीस वर्षं राजाचं काम. त्याचं स्वतःचं हर्नियाचं ऑपरेशन पुढच्या सोमवारी तिथंच ठरलं होतं. सर्जन मुंबईहून महिन्यातून एकदाच येत आणि मामाच्या मुलीचं, मालनचं लग्न पंचवीस दिवसांवर. सोमवार चुकून चालणार नव्हतं.

मी तक्ता काढला. "मामा, तुला दमा आहे."

"दमा नको रे! आमच्या घराण्यात कुणाला नाय. लग्न तोंडावर, लोक काय म्हणतील?"

"मग रक्तदाब?"

"तो चालेल. व्याह्यांना पण आहे."

"आता मुख्य गोष्ट. भूल द्यायला पोट रिकामं लागतं, नाहीतर बेशुद्धीत अन्न उलटून फुप्फुसात जातं. तू पोटभर खाल्लंयस. पण डॉक्टरांनी विचारलं की म्हणायचं, 'पोटात काही नाही.' खोदून विचारल्याशिवाय कबूल करायचं नाही."

मामाने ते वाक्य चार वेगवेगळ्या सुरांत म्हणून दाखवलं. चौथ्या सुरात तर मलाच त्याला जेवायला घालावंसं वाटलं!

परीक्षेत डॉ. सुमननी एकदाच विचारलं, "सकाळपासून काही खाल्लंत?"

"पोटात काही नाही, बाय," मामा राजवाडा गमावल्यासारखा म्हणाला.

बाईंनी कागदावर खूण केली. मार्सेलनी घड्याळ पाहिलं. "रोगी मेला."

"मी मेलो?" मामाने उत्साहाने डोळे मिटून छातीवर हात जोडले.

"सोमवारी खरा रोगी आहे, सुमन," मार्सेल म्हणाले. "तेव्हा मारू नका."

सोमवारी मामा खरा रोगी होऊन खाटेवर पडला. परीक्षेच्या दिवशीच सिस्टर सालोमीने त्याला बजावलं होतं, की सकाळी काही खायचं नाही. सर्जन हात धूत होते. डॉ. सुमन आल्या.

"काही खाल्लंत?"

"पोटात काही नाही, बाय."

सूर तोच, चौथा! बाईंनी पेन खाली ठेवलं. "चहा?"

"छे!"

"चहाबरोबर काही?"

"नाही म्हटलं ना!"

मला राहवेना. "डॉक्टर, आज तो खरा आहे! माझी हमी."

"परवाही खराच वाटत होता," त्या म्हणाल्या आणि खाटेच्या कडेवर बसल्या. "मामा, नंदाखालहून लांब आलात. मामींनी वाटेत खायला काय दिलं?"

"सुकेळी. घरची. आमच्या बागेतल्या केळ्यांची सुकेळी एकदा खाऊन बघा!"

"द्या की एखादं. किती उरलीत?"

"उरतायत कुठली! एस्टीतच संपली."

सिस्टर सालोमीने कपाळाला हात लावला. आत सर्जननी हात धुवायचं थांबवलं आणि मुंबईचा रस्ता धरला. पुढची तारीख महिन्यानंतरची!

"मामा!" मी ओरडलो. "खरं का नाही सांगितलंस?"

मामा माझ्याकडे कीव आल्यासारखा बघत राहिला. "दिवाकर, तूच शिकवलंस ना? काय पण खा, डॉक्टरला सांगायचं पोटात काही नाही. मला वाटलं, इथली पद्धतच आहे!"

मार्सेलनी डॉ. सुमनना पास केलं. माझा तक्ता त्यांनी भिंतीवर लावला, खाली लाल पेन्सिलीने लिहून: 'रोग्याला घरी पाठवण्याआधी खोटं काढून घेणे.' हा रकाना माझ्याकडून राहिला होता.

मालनच्या लग्नात मामा हर्नियाचा पट्टा बांधून खुर्चीत राजासारखा बसला आणि पाण्याची पिंपं मी उचलली. तिसऱ्या पिंपाला माझ्या जांघेत एक बारीक कळ आली. इस्पितळात कुणाला बोललो नाही. तपासायला डॉ. सुमनच आल्या असत्या, आणि मी खरं सांगतोय हे त्यांना पटायला दुपार गेली असती!