आटगावच्या फ्लॅटची खोड

मोबाइलमधला टाय लावलेला तज्ज्ञ तिसऱ्यांदा म्हणाला, "घरांची मागणी मंदावली आहे, त्यामुळे येत्या दोन तिमाहींत खरेदीदाराचं पारडं जड राहील," आणि किन्हवलीच्या ओटीवर चंदरने मांडीवर थाप मारली.

"कळलं! म्हशाच्या बैलांच्या यात्रेचा शेवटचा दिस हाय हा."

"बाबा, तो फ्लॅटचं बोलतोय," अनिल म्हणाला.

"मी पण फ्लॅटचंच बोलतोय. यात्रा उठायला आली की बैल परत न्यायचं व्यापाऱ्याच्या जिवावर येतं. मग गिऱ्हाइकानं काय करायचं? बैलात खोड काढायची आन् पाठ फिरवून चालू लागायचं. तिसऱ्यांदा तो हाक मारतोच. तीस वर्षं बैल घेतलं, एक पण म्हाग नाय पडला."

अनिलची नोकरी कल्याणला. किन्हवलीहून रोज जाऊन-येऊन पोरगा वाळून गेला होता. आटगावला स्टेशनाजवळ फ्लॅट जमला तर बरं, नाहीतर तो आणि सून बदलापूर गाठणार, हे ठरलेलं. बदलापूर म्हणजे सणावारापुरती भेट. आटगाव म्हणजे सकाळी खुडलेली भाजी दुपारी सुनेच्या ताटात. चंदरला आटगावचा फ्लॅट हवाच होता. म्हणूनच तो नकोसा असल्यासारखं दाखवायचं होतं.

रविवारी बापलेक आटगावला पोचले. सून मनस्वी माहेराहून, मुरबाडहून, थेट तिथे आली; म्हशाची रीत काही तिच्या कानावर पडली नव्हती. फ्लॅट दाखवायला बिल्डरच्या ऑफिसातली जयश्री होती, हसऱ्या तोंडाची.

चंदरने बैलाच्या पाठीवर मारावी तशी भिंतीवर थाप मारली. "पोकळ हाय." दार पुढेमागे हलवलं. "लंगडतंय." गॅलरीत जाऊन नाक मुरडलं. "उनाचा पत्ता नाय. सादळून जाल." शेवटी स्वयंपाकाचा ओटा. "उंच हाय गो. बायामाणसाचं खांदं जातील."

डोंबिवलीचं एक जोडपं दारात आलं होतं. "लंगडतंय?" बाई हळूच नवऱ्याला म्हणाली, आणि दोघं आल्या पावली जिना उतरली.

"काका, जरा हळू ना," जयश्री रडवेली झाली. "आठवड्यात तेवढंच गिऱ्हाईक आलेलं."

चंदर पहिल्यांदा निघाला तेव्हा पार्किंग फुकट झालं. दुसऱ्यांदा दोन लाख उतरले. तिसऱ्यांदा तो लेक-सुनेला घेऊन फाटकापर्यंत गेला, तशी जयश्री फोन हातात धरून धावत आली. "सर लाइनवर आहेत. चार लाख कमी, पण आजच बुक करा!"

चंदरच्या मिशा थरथरल्या. "मनस्वी, हो म्हण गो."

"नको, बाबा."

"आं?"

"तुमी एवढं पारखून सांगितलंत. भिंत पोकळ, ऊन नाय, ओटा उंच. माझं मनच उडालं. आपण बदलापूरचं बघू."

तीस वर्षं चंदरने बैलांना तोंडावर नावं ठेवली होती. पण ऐकून मन उडालेली सून कुठल्या सौद्यात आडवी आली नव्हती. तो तिला घेऊन तीन मजले पुन्हा चढला. मागे अनिल, त्याच्या मागे फोन धरलेली जयश्री.

"ही भिंत? अगो, कातळ हाय कातळ! हात लाव, कशी गार लागतेय. दार बघ, एका बोटावर झुलतंय. आन् भर दुपारचं ऊन आत नाय म्हंजे चैतात पण माठासारखं गार ऱ्हाईल घर. सांजचं इथं बसायचं. समोर माहुली, डोंगराआड दिस उतरतोय, तांबूस उजेड तुझ्या पदरात. राणीला तरी मिळल का असं घर?"

बोलता बोलता त्याच्या आवाजाला जात्यावरची लय आली. जयश्रीसुद्धा डोंगराकडे बघत राहिली.

मनस्वी ओट्यापाशी गेली. कोपर टेकून पाहिलं. "एवढा पण उंच नाय," ती म्हणाली, आणि शेगडी कुठे, डबे कुठे, ते वितींनी मोजू लागली.

जयश्रीने फोन कानाला लावला, ऐकलं, ओशाळली. "काका, फोन चालूच होता. सर म्हणतायत, एवढं मनात भरलंय तर मूळ भावच राहू द्या."

अनिल कळवळला. "बाबा, भिंत पोकळ हाय म्हना ना परत! चालू लागा ना!"

"गप रे," चंदर त्याचं मनगट दाबत कुजबुजला. "तिला ऐकू जाईल."