गोपाळरावांची मोटार उताराला लागते

त्या रविवारी मेकॅनिकला बोलवायचं नाही, असं गोपाळरावांनी ठरवलं, आणि तिथंच सगळं बिनसलं. अठ्ठ्याण्णव साल, मोटार सेकंडहँड, बॅटरी उतरलेली. पण धारच्या शाळेत अकरावीला फिजिक्स शिकवणाऱ्या माणसानं मोटारीपुढे हात टेकायचे म्हणजे काय! शिवाय राजगढला थोरल्या बहिणीकडे, ताईकडे, जेवायला जायचं होतं. ताईनं श्रीखंड केलं होतं.

"उमा, तू स्टेअरिंगवर बस. डाव्या पायानं क्लच दाबून ठेव. मी 'सोड' म्हणालो की सोड."

"आणि ब्रेक?" उमाबाईंनी विचारलं. (त्या आजवर फक्त मागच्या सीटवर बसल्या होत्या.)

"ब्रेक कशाला? आपल्याला थांबायचं नाहीये, सुरू करायचंय!"

गोपाळरावांनी ढकललं. मोटार जागची हलेना. शेजारचे संताजी चहा टाकून धावत आले.

"भिया, मी काय म्हणतो, मेकॅनिकला बोलवून घेऊ ना."

"अहो, हे जडत्व आहे संताजी! एकदा मोडलं की झालं. लावा खांदा."

दोघांनी जोर केला आणि चाकं फिरली. पुढे गल्लीचा उतार. "आता बघा," गोपाळराव धापा टाकत म्हणाले, "वस्तुमान तेवढंच, पण वेग वाढला की संवेग..." पुढची व्याख्या त्यांनी मोकळ्या रस्त्याला सांगितली, कारण मोटार निघून गेली होती.

"सोड!" ते ओरडले.

उमाबाईंनी स्टेअरिंग सोडलं.

"अगं ते नाही! पाय! पाय!"

उमाबाईंनी स्टेअरिंग पुन्हा घट्ट धरलं आणि पाय होता त्याहून जोरात दाबला. गोपाळरावांनी पुढे पाहिलं. डावीकडे भाजीचा ठेला, समोर भिंत, आणि आत आपली एकुलती एक बायको! ते जिवाच्या आकांतानं मागून पळत सुटले.

उमाबाईंनी उजवीकडे वळवलं. तिथं डेअरीवाल्यानं सोयाबीनच्या भुशाचा डोंगर रचला होता. मोटार त्यात फस्सकन शिरली आणि थांबली. काचेला ओरखडासुद्धा नाही. गोपाळरावांचा स्वतःचा संवेग मात्र कुणी मोजला नव्हता. त्यांना थांबता आलं नाही, आणि त्यांच्या वाट्याला भुसा नव्हता, डिकी होती. ती पोटात बसली.

खिडकीतून डोकं काढून उमाबाईंनी विचारलं, "अहो, आता सोडू का?"

"तू... भुशातच कशी घातलीस?" रस्त्यावर बसल्या बसल्या गोपाळरावांनी विचारलं.

"मऊ दिसला म्हणून."

डेअरीतल्या माणसांनी मोटार ओढून काढली, धक्का दिला, आणि संताजींनी ती चालू केली. गोपाळरावांना सरळ उभं राहता येत नव्हतं, म्हणून राजगढपर्यंत संताजींनीच चालवली.

पोट धरून वाकत उतरलेल्या भावाला पाहून ताई घाबरली. "अगं उमा, ह्याला काय झालं?"

"काही नाही हो वन्सं," उमाबाई म्हणाल्या, "ह्यांना गाडी लागली."

"अगं बाई! इतकं मळमळतंय का रे?"

गोपाळरावांनी तोंड उघडलं. उभ्या मोटारीवर आपणच जाऊन आदळलो, हे फिजिक्सच्या सरांनी कोणत्या तोंडानं सांगायचं? त्यांनी पोट धरूनच मान डोलावली.

ताईनं त्यांना ताकभात वाढला, वर लिंबाची फोड चोखायला दिली. त्यांच्या वाटचं श्रीखंड संताजींनी दोनदा मागून घेतलं. निघताना ताईनं उमाबाईंच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी ठेवली.

"वाटेत लागेल हो," ती हळूच म्हणाली. "आणि त्याला खिडकीशी बसव."