नातीचं पहिलं गिऱ्हाईक

खट्ट. तो आवाज पहिल्यांदा झाला त्याला आता फार वर्षं झाली. शिंपीआजोबा मशीनवरून उठले आणि समोरचं गिऱ्हाईक वाकून पडलेली कात्री शोधू लागलं. कात्री टेबलावरच होती. आवाज आजोबांच्या उजव्या गुडघ्याचा होता. पुढे नात चालायला लागली, तेव्हा त्या आवाजाला ती इतकी हसायची, की तिच्यासाठी आजोबा दुकानात पुन्हा पुन्हा उठबशा काढायचे आणि गिऱ्हाइकाची बाही तशीच लोंबकळत राहायची.

तीच नात आता फिटनेस ट्रेनर झाली होती. (‘लोकांना दमवायचं शिक्षण घेतलंय तिने,’ असं आजी शेजारणीला सांगायची. पण सांगायची मात्र रोज.) हल्ली वयस्कांच्या व्यायामाचं पेवच फुटलंय. चौकातल्या जिमच्या मालकीणबाईंनीही तसा वर्ग काढायचं ठरवलं आणि नातीला म्हणाल्या, “दोन महिन्यांत एक म्हातारं माणूस तयार करून दाखव. आधीचा व्हिडिओ, आणि नंतरचं माझ्यासमोर. जमलं तर वर्ग तुझा.”

नातीने घरातलंच म्हातारं माणूस घेतलं.

आता खरं म्हणजे आजोबांना बुटक्या स्टुलावरून हात न टेकता सहज उठता यायचं. पण आधीच उठता आलं, तर पोरीने शिकवलं काय? अंगात नीट बसणारा सदरा दुरुस्त करून कुठल्या शिंप्याचं नाव झालंय?

“आजोबा, हात न टेकता उठा बघू,” नातीने मोबाइल धरला.

आजोबा कण्हले. एक हात खुर्चीला लावला, एक भिंतीला. अर्ध्यात थांबून त्यांनी छताकडे पाहिलं. (हे आयत्या वेळी सुचलं.)

“इतकं दुखतं? कधी बोलला नाहीत.” नातीने मोबाइल खाली घेतला. आजोबांना वाईट वाटलं, पण काम झकास वठलं याचा आनंद जरा जास्त झाला.

मग रोज सकाळी व्यायाम. रबरी पट्टा ताणायचा, टाचा उचलायच्या, बसायचं, उठायचं. नात सांगेल त्याच्या निम्मंच आजोबा करत. शिवण कशी, एकेक टाका उसवत मोकळी करायची असते. नाटक उघडं पडू नये म्हणून उरलेला दिवसही सांभाळावा लागे. बाजारात जाणं बंद झालं. पाणी हातात येऊ लागलं. नातीने मनगटाला बांधलेलं घड्याळ वेळ सांगायचं सोडून ‘उठा, चाला’ म्हणून थरथरायचं. ते त्यांनी उशीखाली ठेवून दिलं.

“अहो, व्यायाम सुरू झाल्यापासून तुम्ही जास्तच आडवे असता,” भाजीची पिशवी उतरवत आजी म्हणाली.

“स्नायूंना विश्रांती लागते.”

“पलंगालाही लागते. त्याला द्या थोडी.”

शेवटच्या आठवड्यात आजोबा भिंतीला एकच बोट लावून उठू लागले. “उद्या बोटसुद्धा नाही हं,” आदल्या दिवशी नात काळजीने म्हणाली. “बघच तू,” आजोबा म्हणाले. पूर्ण उठणं त्यांनी त्या दिवसासाठी राखून ठेवलं होतं.

जिमचा हॉल आरशांनी भरलेला. बघायला आलेले म्हातारे-म्हाताऱ्या खुर्च्यांवर बसलेले. आजोबा स्वतः शिवलेली ट्रॅकपँट घालून आले होते, इस्त्रीची कडक घडी पाडून. “ती ट्रेनर, ती माझी नात,” असं त्यांनी प्रत्येकाला सांगितलं. फरशी पुसणाऱ्या बाईंना दोनदा सांगितलं.

“उठा, आजोबा,” ते मधल्या बुटक्या स्टुलावर बसल्यावर नात म्हणाली.

आजोबा हसले आणि उठले. म्हणजे हसले. उठणं झालं नाही. पुन्हा जोर लावला. कमरेखालचं सगळं जणू दुसऱ्याच कुणाचं होतं. चारी आरशांतले आजोबा जागच्या जागी बसलेले.

मालकीणबाईंनी हाताची घडी घातली. “दोन महिन्यांत हे?”

नातीचा चेहरा उतरला. “पोरी,” आजोबा हळूच म्हणाले, “आता खरंच येत नाहीये गं.”

नात त्यांच्यासमोर गुडघे टेकून बसली. हात मात्र दिला नाही. “माझ्याकडे बघा. पाय मागे घ्या. अजून. आता छाती पुढे आणा. घाई नाही. लहानपणी मला दाखवायचात ना, तसंच.”

खट्ट.

मागच्या रांगेतल्या एक आजी काय पडलं ते वाकून पाहू लागल्या. आजोबा उभे होते.

“चांगली धडधाकट माणसं सगळेच आणतात,” टाळ्या थांबल्यावर मालकीणबाई म्हणाल्या. “इतका बिघडलेला माणूस उभा करणं सोपं नाही. वर्ग तुझा.” त्यांनी आजोबांचा फोटोही दारावर लावायचं ठरवलं. ‘आधी’चा.

संध्याकाळी स्वयंपाकघरात बुटक्या स्टुलावर बसून मटार सोलताना आजोबांना अभिमान पोटात मावेना.

“कशी बोलली पोरगी. हात दिला नाही, पण पडूही दिलं नाही,” ते म्हणाले. “आणि तुला म्हणून सांगतो. माझं पहिल्या दिवसापासून नाटक होतं. तिच्यासाठी. मला काय, केव्हाही उठता येतं.”

“केव्हाही?”

“चुटकीसरशी.”

आजीने शेंगांची टरफलं गोळा केली, हात झटकले, आजोबांचा हात जिच्यावर टेकला होता ती खुर्ची हलकेच काढून घेतली आणि बाहेरच्या खोलीत निघून गेली.