धोत्र्याचे दातार

ओक ट्री रोडवरच्या मिठाईच्या दुकानामागे, कचऱ्याच्या डब्यांशेजारी, कडक इस्त्रीचा शर्ट घातलेले एक वयस्क गृहस्थ जमिनीकडे बघून हात जोडताना दिसले, तर ते आमचे दातार. आणि त्यांच्यापासून चार हात लांब, आपला यांच्याशी काही संबंध नाही अशा चेहऱ्यानं पर्समध्ये उगाच काहीतरी शोधणारी बाई म्हणजे तुमची आजी.

चिन्मय, रेवा, तुम्ही पुण्याहून विचारता ना, "आजी, तिकडे अमेरिकेत, एडिसनमध्ये तुला कंपनी कोणाची?" ही अशी कंपनी.

दातार हात जोडतात ते धोत्र्याला. पांढरी कर्ण्यासारखी फुलं, काटेरी फळ, पान चुरगळलं की उग्र वास. मुळापासून बीपर्यंत सगळा विषारी. इथे पार्किंग लॉटच्या कडेला, पाडलेल्या घरांच्या मातीत तो आपोआप उगवतो. "आपल्यासारखाच," दातार म्हणतात. "कुणी बोलावलं नव्हतं, तरी रुजला."

गाडी चालवतानाही त्यांची नजर रस्त्याच्या कडेला. एकदा तर "वहिनी, बघितलात? केवढा मातलाय!" म्हणत त्यांनी भर रस्त्यात ब्रेक दाबला. मागच्या गाडीवाल्यानं काच खाली करून जे इंग्रजी ऐकवलं, ते मला कॉन्व्हेंटमध्ये शिकवलेलं नव्हतं. मी पदर नसताना पदर सारखा केला आणि खाली बघत बसले.

दातार सिव्हिल इंजिनिअर. आयुष्यभर इथे पूल बांधले. औषध मात्र चिपळूणच्या आईचं. धोत्र्याच्या पानाला तिळाचं तेल लावायचं, तव्यावर शेकायचं, सोसेल इतकं गरम असताना सुजल्या सांध्यावर ठेवून वर सुती पट्टी बांधायची. "बाहेरून! फक्त बाहेरून!" हे त्यांचं पालुपद. पूर्वी दम्याला सुक्या पानांचा धूर देत. शेजारच्या एका बाईंनी तो मागितला, तर दातार खवळले. "धूरबीर काही मिळणार नाही! इनहेलर आहे ना? मग तो ओढा!" श्रावणात देवळातली मंडळी शंकराला वाहायला फळं मागतात. दातार ती देतात, आणि संध्याकाळी गाभाऱ्याबाहेर पिशवी घेऊन परत न्यायला हजर. "देवाला पचतं. तुमच्या नातवंडांना नाही पचायचं."

माझा उजवा गुडघा तुम्हाला माहीत आहेच. तो सुजला की तुमचा समीरमामा आणि प्राजक्तामामी ऑफिसला जाईपर्यंत मी गप्प बसायची आणि मग दातारांना फोन करायची. घरातल्या घरात चोरी. दातार तवासुद्धा स्वतःचा आणत, दांड्याला लाल दोरा बांधलेला, म्हणजे चुकून त्यावर कुणी पोळी भाजायला नको. पान बांधून झालं की मला सिंकपाशी उभं करून साबणानं हात धुवायला लावत, शाळेतल्या मॉनिटरसारखे. मग समोरच्या खुर्चीत बसून बजावत, "पान गार होईपर्यंत हलायचं नाही, वहिनी." मी हलू शकत नसे, त्यामुळे मला पुलांच्या गोष्टी ऐकाव्या लागत. कुठल्या खांबाखाली कसला खडक लागला, हे मला आता तोंडपाठ आहे.

एके दिवशी ते पान बांधून गेले आणि पट्टी सैल झाली. मी हातानंच पान पुन्हा नीट बसवलं. तेवढ्यात डोळ्यात केस गेला. चष्मा काढून डोळा चोळला. हात धुवायचे राहिले.

संध्याकाळी जेवायला वाढताना प्राजक्ता एकदम थांबली. "आई, इकडे बघा. अहो, तुमच्या एका डोळ्याची बाहुली केवढी मोठी झालीय!"

समीर म्हणाला, "स्ट्रोक असू शकतो." त्यानं लगेच ॲम्ब्युलन्स बोलावली. सगळी गल्ली दिव्यांनी लाल-निळी झाली. शेजारी दारात येऊन उभे. आणि मी स्ट्रेचरवर, खांद्याला उसवलेल्या गाऊनमध्ये, तिळाच्या तेलाचा वास मारत.

मेंदूचं स्कॅन स्वच्छ निघालं. तरुण डॉक्टरीणबाई विचारत होत्या, डोळ्यात काही घातलंत का, ड्रॉप्स, मलम? इतकी वर्षं शाळेत मुलींना इंग्रजी शिकवलं, पण तोंडातून एवढंच आलं, "अ लीफ."

"कसलं पान?"

मला त्याचं इंग्रजी नाव येईना. प्राजक्ता हळूच म्हणाली, "आई, दातारकाका का?" मी मान खाली घातली. तिनं बाहेर जाऊन फोन लावला.

दातार घरातल्या सपाता घालूनच आले. हातातल्या पारदर्शक पिशवीत मुळासकट उपटलेलं झाड, त्यातून गळणारी माती, मागे धावणारा सिक्युरिटीवाला. आणि अख्ख्या कॉरिडॉरला ऐकू जाईल असं, "एक्स्टर्नल! ओन्ली एक्स्टर्नल!"

डॉक्टरीणबाईंनी झाड बघितलं आणि त्यांचा चेहरा सैलावला. त्या शेतावर वाढलेल्या, हे झाड ओळखीचं होतं. याच्या रसानं बाहुली मोठी होते, तसाच डोळ्याला हात लागला असणार, थोड्या दिवसांत उतरेल, म्हणाल्या.

पण समीरचा धीर सुटला होता. "काय यार काका, तुम्ही इंजिनिअर ना? इथे आम्हाला वाटलं, आई गेली! प्लीज, ही पानं घेऊन परत आमच्याकडे येऊ नका."

लोक वळून बघत होते. दातार म्हणाले, "बरोबर आहे तुझं." हात धुवायला त्यांनी दर वेळी बजावलं होतं, हे ते बोलले नाहीत. बोलायला हवं होतं मी. मी बोलले ते गाडीत बसल्यावर. समीर ओशाळला. पण दातार पिशवी घेऊन कधीच निघून गेले होते.

बातमी सगळ्या मराठी घरांत पसरली. दातारांना कुणी बोलावेना. मलाही फोन उचलायची लाज वाटे. शेवटी एका शनिवारी मी समीरसमोरच फोन केला.

"पानं नाहीत, वहिनी. परसातली सगळी झाडं उपटून टाकली. गुडघा दुखतोय का?"

"नाही."

"मग?"

"मग काही नाही. चहाला या."



ते आले. समीरनं दार उघडलं, "सॉरी काका" म्हणाला, जॅकेट मागितलं. त्यांनी दिलं नाही. खुर्चीच्या कडेवर बसले. हात मांडीवर ठेवले, काढले, परत ठेवले. पुलांचा विषय निघेना.

"मालती असताना ती न्यायची मला लोकांकडे," चहाकडे बघत ते बायकोबद्दल म्हणाले. "ती गेल्यावर काही काम नसताना कुणाकडे गेलो नाही. नुसतं कसं जायचं?"

चहा संपला. ते अर्धवट उठले.

"बसा हो," मी म्हटलं.

ते बसले. थोड्या वेळानं माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "मग आता किती वेळ बसायचं, वहिनी?"