मगदुमांच्या गाडीतलं ऑईल

पार्श्वनाथ मगदूम आणि त्यांचा मुलगा अरिहंत यांचं भर जेवणात गाडीच्या ऑईलवरून वाजलं आणि रत्नाबाईंनी आमटीची पळी पातेल्यात आपटली. पण त्या आवाजाकडं दोघांचंही लक्ष गेलं नाही.

"सिंथेटिक घातलं की इंजिन लोण्यागत चालतंय, आप्पा. लवकर खराबबी होत न्हाई," अरिहंत सांगत होता.

"पाण्यासारखं पातळ असतंय ते. इंजिनात थांबणार कुठं?" पार्श्वनाथ म्हणाले. "माझी स्कूटर जन्मभर साध्या ऑईलवर चालली. कधी तक्रार केली तिनं?"

"स्कूटर बोलत न्हाई, आप्पा."

"म्हणून तर तिचं आणि माझं जमलं!"

पार्श्वनाथांचं शाहूपुरीत हार्डवेअरचं दुकान होतं आणि अरिहंत शिरोलीच्या एका फौंड्रीत ऑफिसला होता. दोघंही स्वभावानं चांगले. पण एक पूर्व म्हणाला की दुसऱ्याला पश्चिम दिसायची. यापायी अरिहंतची ठरत आलेली स्थळं मोडली होती. सांगलीला पाहुण्यांच्या घरी पंखा लावावा की नको यावरून बापलेकांची जुंपली. निपाणीला गाडी कुठल्या रस्त्यानं आणायला हवी होती यावरून. दोन्हीकडच्या पोरी दाराआडून सगळं ऐकत होत्या.

आता रविवारी कुरुंदवाडला जायचं होतं, बाबगोंडा पाटलांच्या सोनलला बघायला. मुलगी जयसिंगपूरच्या बँकेत होती. तिचा फोटो बघून अरिहंत चक्क गप्प झाला होता, आणि मगदुमांच्या घरात असं पूर्वी कधी झालं नव्हतं. फोनवर बाबगोंडांच्या थोरल्या बहिणीनं, आक्कांनी, रत्नाबाईंना सरळच विचारलं होतं, "तुमच्यात लई वाद असत्यात म्हणं?"

"छे वो! आमच्यात कोण बोलतच न्हाई," रत्नाबाई म्हणाल्या होत्या.

म्हणून त्यांनी आता जेवणाच्या ताटावरच हुकूम काढला. "रविवार हुईस्तोवर ह्या घरात ऑईल हा शब्द काढायचा न्हाई. काढला तर मी येणार न्हाई. तुम्ही दोघंच जावा पोरगी बघायला."

दोघांनी निमूट माना डोलावल्या. घरात शब्द बंद झाला. काम मात्र बंद झालं नाही.

दुसऱ्याच दिवशी पार्श्वनाथांनी दुकानाच्या वाटेवर गाडी उद्यमनगरात वळवली आणि जोतीराम मेकॅनिककडून साधं ऑईल भरून घेतलं. उरलेला कॅन घरी आणून गव्हाच्या पिपामागं लपवला. तिसऱ्या दिवशी अरिहंत "गाडी धुऊन आणतो" म्हणून बाहेर पडला. शिरोलीच्या गॅरेजात त्यानं इंजिनातलं सगळं ऑईल काढून टाकायला लावलं आणि सिंथेटिक भरलं. उरलेला कॅन त्यानं पलंगाखाली सरकवला. आप्पा आधीच जोतीरामकडं जाऊन आल्याचा त्याला पत्ताच नव्हता.

प्रवासाआधी ऑईल बघायची पार्श्वनाथांची जुनी सवय. शनिवारी संध्याकाळी त्यांनी बॉनेट उघडून ऑईल मोजायची पट्टी ओढली आणि त्यांचा चेहराच पडला. पट्टीवर पातळ, सोनेरी, मधासारखा थेंब लोंबत होता. "जोतीरामनं फसवलं!" ते पुटपुटले. जाऊन भांडावं तर घरात कळणार, आणि शब्दाला तर बंदी. शेवटी त्यांनी पिपामागचा कॅन काढला. जाड ऑईल पडलं की जरा अंग धरेल, असा विचार करून त्यांनी तो सगळा इंजिनात ओतला.

रत्नाबाईंनी हे स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं. पण बंदी त्यांनीच घातलेली, तेव्हा बोलायची सोय नव्हती.

रविवारी सकाळी पलंगाखालून केर काढताना त्यांच्या झाडूला दुसरा कॅन लागला. त्यावर सिंथेटिक असं लिहिलेलं होतं. रत्नाबाई चटकन समजल्या. म्हणजे बापानं आपलं घातलं आणि पोराचं तसंच राहिलं! पोरगं आज मुलगी बघायला निघालेलं, त्याचं मन कशाला दुखवायचं? लाडू वाढतानासुद्धा दोघांच्या ताटात कधी त्यांनी डावं-उजवं केलं नव्हतं. बापलेक आरशापुढं असताना त्या पदर खोचून खाली गेल्या आणि काल नवऱ्यानं जिथं ओतलं होतं तिथंच मुलाचाही कॅन रिकामा केला. त्यांना फार समाधान वाटलं.

हातकणंगले गेलं तशी गाडीमागं निळसर धुराची रेघ उठली. अरिहंतनं ती आरशात पाहिली. सिंथेटिकनंच काहीतरी केलं, असं त्याच्या मनानं घेतलं. पार्श्वनाथांनी मागं वळून पाहिलं. त्यांना कालचा कॅन आठवला. मागच्या सीटवर रत्नाबाईंनी हळूच नाकाला पदर लावला.

"पाचट पेटवलंय वाटतं कुणीतरी," पार्श्वनाथ म्हणाले.

"व्हय की. उसाचा सीझन हाय," अरिहंत लगेच म्हणाला.

दोघांचं इतक्या पटकन एकमत झालेलं पाहून रत्नाबाईंना धुरापेक्षा जास्त भीती वाटली.

इचलकरंजीत शिरेपर्यंत रेघेचा ढग झाला. चौकात पाळी सुटलेले लूमवरचे कामगार सायकली थांबवून बघायला लागले. एकानं काचेवर टकटक केलं. "पावणं, गाडी हाय का गुऱ्हाळ?"

"गूळ झाला की हाक मारा!" मागचा ओरडला.

कुरुंदवाडला दारात बाबगोंडा पाटील इस्त्रीचे कपडे घालून स्वागताला उभे होते. गाडी थांबली आणि ते धुरात दिसेनासे झाले. शेजारचा एक जण पाण्याची बादली घेऊन पळत आला. आतून आक्का खोकत खोकत बाहेर आल्या. "पावणं आलं का न्हाई? काय दिसंना की!"

बाबगोंडांच्या घरी ट्रॅक्टर होता. त्यांनी नमस्कार-चमत्कार बाजूला ठेवून बॉनेट उघडलं, पट्टी ओढली आणि डोळे विस्फारले. "अवो, गाडीत ऑईल घातलंय का ऑईलात गाडी बुडवलीया? कुणी केलं हे?"

आक्का चष्म्यावरून एकेकाच्या तोंडाकडं बघत होत्या. पार्श्वनाथांनी मुलाकडं पाहिलं. पोरगं पांढरंफटक पडलं होतं. त्यांना राहवलं नाही.

"मी घातलं," ते म्हणाले. "पोराचा काय दोष न्हाई."

"आप्पांचं काय ऐकू नका," अरिहंत म्हणाला. "परवा मीच घातलंय."

"परवा? मग माझं आधीचं कुठं गेलं?"

"ते तुमचं होतं व्हय? ते मी काढून टाकलं की!"

"काढलंस तर काढलंस. पर काल परत मी ओतलं न्हवं? मग चूक माझीच."

"गप बसा दोघंबी!" रत्नाबाई पुढं झाल्या. "सगळ्यात शेवटी मी ओतलंय. चूक माझी."

"तू?" बापलेक एकदम ओरडले. आणि भर गल्लीत, सगळ्या शेजाऱ्यांदेखत, चूक नेमकी कुणाची यावरून मगदुमांचं घर कडाकडा भांडायला लागलं. कुणीच आपला हक्क सोडायला तयार होईना. संपलं, हेही स्थळ गेलं, हे रत्नाबाईंच्या ध्यानात आलं तेव्हा फार उशीर झाला होता.

आक्का शांतपणे ऐकत होत्या. मग त्या भावाला म्हणाल्या, "भांडत्यात खरं. पर चूक स्वतःच्या अंगावर घ्यायला भांडत्यात. असलं काय मी अजून बघितलं नव्हतं. सोनल, पोहे आण गं."

बाबगोंडांनी इंजिन गार होऊ दिलं, शर्टाच्या बाह्या सारल्या आणि जास्तीचं ऑईल घमेल्यात काढलं. गाडी पुन्हा चालू केली तर धूर हळूहळू विरळ होत गेला. ते हात पुसत म्हणाले, "घरी गेल्यावर सगळं काढून नवीन घाला. आणि साधंच घाला बरं का. सिंथेटिक म्हंजे नुसती जाहिरात."

पार्श्वनाथांचा चेहरा उजळला. पण त्यांनी जीभ चावली. अरिहंतनंही चावली.

"आण्णा, तुम्हाला काय म्हाईत हो?" पोह्यांचा ट्रे कट्ट्यावर ठेवत सोनल बापाला म्हणाली. "माझ्या गाडीत मी कायम सिंथेटिकच घालते. कधी बंद पडली?" बोलता बोलता तिनं पहिली बशी अरिहंतच्या हातात दिली आणि क्षणभर त्याच्याकडं बघून घेतलं.

"तुझी स्कूटी ती! ट्रॅक्टर चालवून दाखीव तसल्या ऑईलवर."

"बरोबर बोलत्यात त्या!" अरिहंतच्या तोंडून निघून गेलं.

"काय बरोबर? पाटील बरोबर हायत!" पार्श्वनाथ उसळले.

चौघांचे आवाज एकमेकांवर चढत गेले. बादलीवाल्या शेजाऱ्यानंही साध्या ऑईलची बाजू घेतली. आक्कांनी कपाळावर हात मारला. "आजचा दिवस तरी गप बसा म्हणून ह्या बापलेकींस्नी शपथ घातलीती वो मी," त्या रत्नाबाईंना म्हणाल्या. "रोजचं हाय हे. तुमास्नी कळू द्यायचं नव्हतं."

रत्नाबाईंनी एकदा त्या चौघांकडं पाहिलं. मग पिशवीतून साखरेची पुडी काढली आणि चिमूटभर साखर आक्कांच्या तळहातावर ठेवली.

"भांडू दे त्यांस्नी," त्या म्हणाल्या. "चला, आपण आत बसून तारीख काढू."